तू मान वळवत नाहीस

रविवारी रात्री कॉम्प्युटर स्वतःहून नवा झाला.
बारा टक्के, चाळीस टक्के, कृपया बंद करू नका.
सकाळी सगळं जागच्या जागी:
टॉवेलच्या डिझाईनच्या फायली, सुताचा हिशेब,
पडद्यावर अम्माचा फोटो.
फक्त टिंग गेलं.

गेलं, हे कळायलाच नऊ दिवस लागले.
नसलेला आवाज ओरडून सांगणार तरी कसा?

मेल आली की टिंग,
पेन ड्राइव्ह काढला की टुक्,
चुकीचं बटण दाबलं की
कपाळावर टिचकी मारल्यासारखा ठण्.
नऊ दिवस मी बिनबोभाट चुकत होते.
कोचीच्या हॉटेलवाल्यानं कळवलं होतं,
किनार मोरपंखी नको, राखाडी करा.
मेल पडून राहिली, माग चालत राहिले,
आणि साठ डझन मोरपंखी किनार
कोपऱ्यात बसून राहिली
लग्न मोडलेल्या घरातल्या आहेरासारखी.

नायना ओरडले नाहीत.
म्हणजे, बोलतात ते ओरडूनच.
साखर पेठेत अडतीस वर्षं मागावर काढलेला माणूस
हळू बोलायचं विसरून जातो.
पण रागावले नाहीत. म्हणाले,
"मला वाटलंच होतं.
तू हल्ली मान वळवत नाहीस."

टिंग त्यांना कधीच ऐकू आलं नव्हतं.
बारीक आवाज त्यांच्या कानातून केव्हाच उठून गेले:
चमचा, पैंजण, अम्माचं शेवटचं बोलणं.
दिसायची ती माझी मान,
वहीवरून पडद्याकडे
दिवसातून वीस-पंचवीस वेळा वळणारी.
तीवरून ते धंदा मोजायचे.

बसवराजला फोन लावला, नव्या पेठेत.
"स्पीकर चालू आहे का? गाणं लागतं का?"
लागतं.
"म्यूट?"
नाही.
"मग बंद करून चालू करा की मॅडम."
तीनदा केला.
"ड्रायव्हर काढून परत घाला."
घातला. गाणं आणखी छान लागलं.
"मग काय की," म्हणाला बसवराज,
आणि त्याच्याकडची लाईट गेली.

एप्रिल. त्रेचाळीस. कूलर नुसता धापा टाकतोय.
मी सेटिंगच्या आत, त्याच्याही आत उतरत
त्या जुन्या राखाडी खिडकीशी पोचले
जी प्रत्येक नव्या रंगरंगोटीच्या मागे
न पुसलेल्या भिंतीसारखी तशीच असते.
तिथं यादी होती.
मेल आली: काही नाही.
चूक झाली: काही नाही.
बॅटरी संपत आली: काही नाही.
वर एका ओळीत, स्कीम: नो साउंड्स.
कुणी निवडली? मी तर नाही.
अपग्रेडला वाटलं असेल,
सोलापुरात, मागाच्या शेडला लागून बसलेली बाई,
हिला जरा शांतता हवी असेल.

नायनांना कागदावर लिहून दाखवलं.
ते हसले. भिंतीपलीकडं बोट केलं.
चार माग, खटखट खटखट,
माठावरचं झाकण अंगात आल्यासारखं थरथरतंय.
"इथं उलटं आहे," म्हणाले.
"ताणा तुटला की माग गप होतो.
गप झाला की मी उठतो, झोपेतनंसुद्धा.
कानानं नाही. पाठीनं.
आवाज आहे तोवर सगळं बरं.
तुझं यंत्र दुसऱ्या गावचं."

मग एकेका ओळीसमोर एकेक आवाज वाढत गेले.
मेलसाठी टिंग नको म्हटलं.
खाली खाली जाऊन एक धोबड, जाडा आवाज निवडला,
रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा,
आणि स्पीकर ठेवला
नायना बसतात त्या लाकडी बाकावर,
अगदी फळीला टेकवून.

चार वाजून दहा मिनिटांनी
मी वहीत खुपसलेली होते.
नायनांनी मान वळवली,
माझ्या आधी.

वीजबिल होतं.

पेन ड्राइव्हचा टुक्
अजून सापडलेला नाही.